जुन्या जीपचे पाटे



आज आपण एका जुन्या जीपविषयी बोलणार आहोत. तिचे इंजिन, तिचा गिअर, तिचा रंग यांविषयी नव्हे. ज्या पाट्यांवर ती उभी असते, त्या पाट्यांविषयी. विषय लोखंडाचा आहे खरा, पण सुरुवात मात्र एका आजीबाईंपासून करतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. घाटमाथ्यावरच्या एका वाडीत एका शेतकऱ्याची जुनी जीप होती. सकाळी ती दुधाचे कॅन घेऊन खाली उतरायची आणि दिवसा-अपरात्री कुणाला दुखले-खुपले तर तीच गाडी दवाखान्याची वाट धरायची. एका संध्याकाळी एक दिवस भरलेली लेक आणि तिची सासू गाडीत बसल्या. मीही पुढे बसलो होतो. अर्धा मैल गेलो नाही तोच आजीबाईंनी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला नि म्हणाल्या, "बाबा, थांबव. तुझ्या गाडीपरीस आपली डोली बरी. मानसं दमत्याल, पर पोरीचं प्वाट तरी हिंदकळणार न्हाई." आणि खरोखरच त्या दोघी उतरल्या. चार माणसे डोली घेऊन आली. घाट चालत उतरायला तीन तास लागले. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली, हे त्यांचे नशीब.

मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. कारण त्या जीपला मागच्या बाजूला तीन जादा पाटे घालायचा सल्ला कोणी दिला होता? मीच. तंत्रशाळेत शिकवणारा माणूस मी. मालक म्हणाले, "दुधाने गाडी मागे बसते." मी म्हणालो, "पाटे वाढवा." गावोगावी हाच सल्ला दिला जातो. तो अर्धा बरोबर आहे आणि अर्धा चूक आहे. त्यातला चुकीचा अर्धा भाग मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिला. आज जे सांगणार आहे ते त्यातूनच शिकलेले आहे.

प्रथम या गाडीची थोडी ओळख करून घेऊ. जीप जन्माला आली ती लढाईसाठी. १९४० साली अमेरिकेच्या लष्कराला एक हलकी, चारही चाकांना ओढ असलेली गाडी हवी होती. बँटम, विलीज आणि फोर्ड या तीन कंपन्यांनी ती घडवली. दुसऱ्या महायुद्धात अशा सहा लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. लष्कराच्या कागदावर तिचे नाव होते 'पाव टनी ट्रक'. हे नाव लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे. लढाई संपली आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीस आपल्याकडे मुंबईत, माझगावला, महिंद्र कंपनीने विलीज जीपचे सुटे भाग आणून गाड्या जोडायला सुरुवात केली. १९५३ साली विलीजने उंच बॉनेटची सीजे-३बी ही जीप काढली. अमेरिकेत ती १९६८ च्या सुमारास बंद झाली, आपल्याकडे मात्र तिच्याच वळणाच्या गाड्या त्यानंतरही कित्येक वर्षे बनत राहिल्या. १९५२ साली सामूहिक विकास योजना सुरू झाली, १९६२ साली महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या, आणि गावच्या वेशीवर धूळ उडाली की पोरे ओरडू लागली, "बीडीओसाहेबांची जीप आली!" त्यांतल्या काही गाड्या आजही गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली उभ्या आहेत आणि रोज कामही करीत आहेत.

आता या गाडीखाली वाकून पाहू. पुढे एक आडवा ॲक्सल, मागे एक. प्रत्येक ॲक्सलच्या दोन्ही टोकांशी पोलादी पट्ट्यांची एकेक कमान. या पट्ट्यांनाच आपले मिस्त्री पाटे म्हणतात. सर्वांत लांब तो मेन पाटा. त्याची दोन्ही टोके गोल वळवून डोळे केलेले असतात. त्याखाली क्रमाने आखूड होत जाणारे पाटे. मधोमध सगळ्यांना ओवणारा एक सेंटर बोल्ट, आणि सगळी जुडी ॲक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट. कमानीचे एक टोक चॅसीला खिळीवर बसवलेले, दुसरे टोक मात्र शॅकल नावाच्या झुलत्या कडीला टांगलेले असते. हे टोक झुलते का? तर कमान दबली की सपाट होते, आणि सपाट झाली की लांब होते. त्या वाढलेल्या लांबीला सरकायला जागा हवी. झोपाळ्याच्या कडीसारखी ती कडी ही जागा देते.

कमानीची ही युक्ती काही मोटारीबरोबर आलेली नाही. ऑबादाया इलियट नावाच्या इंग्रज कारागिराने १८०४ साली घोडागाडीसाठी अशा कमानींचे पेटंट घेतले होते. आपली बैलगाडी बिनकमानीची. तिचा दणका थेट मणक्यात जातो, म्हणून तर आपण तिच्यात पेंढा पसरून बसतो! टांग्याला कमानी असतात. टांग्यात बसलेल्या माणसाला दोहोंतला फरक समजावून सांगावा लागत नाही.

शिक्षक मित्रांनो, आता एक प्रयोग. वर्गात पाच मिनिटांत होईल आणि मुले जन्मभर विसरणार नाहीत. एकाच जाडीच्या पाच लाकडी फूटपट्ट्या घ्या. एक पट्टी टेबलाच्या कडेला निम्मी बाहेर काढून घट्ट दाबून धरा, टोकाला वजन टांगा आणि ती किती लवते ते मोजा. समजा आठ मिलिमीटर लवली. आता दोन पट्ट्या एकावर एक सैल ठेवून तेच वजन टांगा. चार मिलिमीटर लवतील. म्हणजे ताठपणा दुप्पट झाला. हे आपल्या अपेक्षेप्रमाणेच आहे. आता उरलेल्या दोन पट्ट्या सरस किंवा फेविकॉल लावून एकमेकींना घट्ट चिकटवा, वाळू द्या आणि तेच वजन टांगा. किती लवेल? मुले म्हणतील, चार. प्रत्यक्षात ती एक मिलिमीटरच्या आसपासच लवेल!

असे का व्हावे? पट्टीचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. जाडी दुप्पट झाली की ताठपणा दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे आठपट. चिकटलेल्या दोन पट्ट्या म्हणजे दुप्पट जाडीची एकच पट्टी. सैल असताना मात्र त्या एकमेकींवरून किंचित घसरतात, म्हणून त्यांचा ताठपणा फक्त दुप्पट होतो. लांबीचे याच्या उलट असते. पट्टी लांब केली की ती लांबीच्या घनाप्रमाणे मऊ होते. लढाईतल्या जीपच्या पुढच्या कमानी सव्वाछत्तीस इंच लांबीच्या होत्या आणि मागच्या बेचाळीस. फरक फक्त पावणेसहा इंचांचा. बाकी सगळे सारखे धरले तर एवढ्या लांबीनेच मागची कमान दीडपट मऊ होते.

भार आणि दबणे यांचे नाते रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाने १६७८ साली प्रसिद्ध केले. जितका भार, तितक्या प्रमाणात दबणे. पाचवी पट्टी याच्यासाठी ठेवली आहे. तिला एकेक वजन वाढवीत आलेख काढा, सरळ रेषा मिळेल.

या एका प्रयोगातून जुन्या जीपची दोन दुखणी समजतात.

पहिले दुखणे जादा पाट्यांचे. मिस्त्री सहसा जादा पाटा घालतो तो दुसऱ्या एखाद्या मोठ्या गाडीचा, थोडा जाड. मूळ पाटा पाव इंच असेल आणि नवा पाच सोळांश इंच, तर नजरेला फरक कळतसुद्धा नाही. पण तो सव्वापट जाड आहे. सव्वाचा घन म्हणजे जवळजवळ दोन. याचा अर्थ, असा एक जाड पाटा दोन मूळ पाट्यांचे काम करतो. आमच्या जीपला मागे मूळ नऊ पाटे होते. त्यांत असे तीन घातल्यावर ती पंधरा पाट्यांइतकी ताठ झाली. आम्हाला वाटले बारा झाले!

दुसरे दुखणे गंजाचे. बरं का मंडळी, दोन पाट्यांमधला गंज म्हणजे पट्ट्यांमधला सरसच. पावसाळ्यामागून पावसाळे गेले की पाटे एकमेकांना धरून बसतात. मोठ्या खड्ड्यात ते कुरकुरत सरकतात, पण लहान दणक्याला हलतच नाहीत. तेव्हा ती कमान कमान राहत नाही, लोखंडाचा ओंडका होते.

आता तुम्ही म्हणाल, ताठ तर ताठ, गाडी मजबूत झाली ना? इथेच आपली फसगत होते. चाकाखाली दगड आला की कोणाला तरी वाकावे लागते. पाटा वाकला नाही तर दणका चॅसीत जातो, आणि जिथे कमानीचे ब्रॅकेट चॅसीला बसवलेले असते तिथे तडा जातो. आणि चॅसी टिकली, तर दणका माणसाच्या पाठीत जातो.

तो किती जातो हे मोजण्याची एक सोपी रीत आहे. गाडी उभी असताना चॅसी आणि ॲक्सल यांमधले अंतर मोजा. मग चॅसीला जॅक लावून चाक अधांतरी लोंबेपर्यंत गाडी उचला आणि पुन्हा मोजा. शॉकॲब्झॉर्बरचे खालचे टोक सोडवून ठेवायला विसरू नका, नाहीतर तो ॲक्सल अडवून धरील. दोन्ही मापांतला फरक म्हणजे गाडीच्या वजनाने पाटा साधारण किती दबतो ते. आता तेवढ्याच लांबीच्या दोऱ्याला खडा बांधून लंबक करा. तो लंबक जितक्या वेगाने झुलेल तितक्याच वेगाने ती गाडी पाट्यांवर वरखाली होईल. निसर्गाचे हे गणित मोठे सुंदर आहे. दहा सेंटिमीटरचा लंबक मिनिटाला सुमारे पंचाण्णव वेळा झुलतो. तीन सेंटिमीटरचा सुमारे एकशे त्र्याहत्तर वेळा. आणि पाटा गंजून एकच सेंटिमीटर दबत असेल तर मिनिटाला सुमारे तीनशे, म्हणजे सेकंदाला पाच हेलकावे. बसलेल्या माणसाचे धड आणि पोट सेकंदाला चार ते आठ हेलकाव्यांना सर्वांत जास्त हिंदकळते, असे या विषयाचा अभ्यास करणारे सांगतात. आजीबाईंनी यातले एक अक्षर वाचले नव्हते. तरी त्यांनी नेमके पोटाचेच नाव घेतले होते.

आता उपायाकडे वळू. हे काम क्रमाने करावे, कारण मागची पायरी चुकली की पुढच्या पायरीवरचा खर्च वाया जातो.

पहिली पायरी टायरची. टायर हासुद्धा एक स्प्रिंगच आहे. 'टणक हवा म्हणजे कमी पेट्रोल' असे म्हणून लोक त्यात भरमसाट हवा भरतात. गाडीच्या पुस्तकात दिला आहे तेवढाच दाब ठेवा. यात एक पैसा खर्च नाही.

दुसरी पायरी पाटे उतरवण्याची. इथे जिवाची काळजी घ्या. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. चॅसीखाली लोखंडी घोडे किंवा जाड लाकडी ठोकळे द्या आणि जमिनीवर असलेल्या चाकांना उटी लावा. दगड-विटांचा भरवसा धरू नका, त्या फुटतात. कमान उतरल्यावर सेंटर बोल्ट काढण्यापूर्वी जुडी मजबूत व्हाइसमध्ये किंवा क्लॅम्पमध्ये आवळून धरा आणि हळूहळू सैल करा. दाबून ठेवलेले पाटे एकदम सुटले तर हात मोडू शकतो.

तिसरी पायरी तपासणीची. प्रत्येक पाटा तारेच्या ब्रशाने स्वच्छ करा. सेंटर बोल्टच्या भोकाजवळ आणि मेन पाट्याच्या डोळ्याजवळ बारीक तडा आहे का ते नीट पाहा. तडा असेल तर पाटा बदला. त्याला वेल्डिंग करू नका. तलवारीला पाणी देतात तसे पाट्याच्या पोलादालाही पाणी दिलेले असते. वेल्डिंगच्या आचेने ते पाणी उतरते. मग पाटा जोडाजवळ किंवा त्याच्या शेजारी पुन्हा तुटतो, आणि तोही नेमका घाटात. भात्यात तापवून कमान वाढवून घेण्याबाबतही हेच सांगेन. तापवल्यानंतर रीतसर पाणी देऊन उतरवण्याची सोय नसेल तर तो पाटा चार महिन्यांत पुन्हा बसतो. त्यापेक्षा नवा पाटा स्वस्त पडतो.

स्वच्छ झालेल्या पाट्यांच्या टोकांपाशी, जिथे ते एकमेकांवर घासतात तिथे, ग्राफाइटचा लेप द्या. पेन्सिलीतले शिसे म्हणतो ना आपण, तेच हे. नुसते ग्रीस फासले तर त्याला धूळ चिकटते आणि त्याची घासपूड होते. पाटे पुन्हा जोडताना त्यांना बाजूने धरणाऱ्या क्लिपा जागेवर घाला. त्या बिनकामाच्या वाटतात, पण चाक खड्ड्यात लोंबते तेव्हा सगळा भार एकट्या मेन पाट्यावर येऊ नये म्हणून त्या असतात.

चौथी पायरी शॅकल आणि बूश. जुन्या जीपचे शॅकल यू आकाराचे असून त्यांना आटे असतात आणि त्यांवर आट्याचेच बूश बसतात. त्यांत काही उलट्या आट्याचे असतात, तेव्हा जोर लावण्यापूर्वी आटा कुठल्या बाजूचा आहे ते पाहा. हे बूश बोल्टसारखे करकचून आवळायचे नसतात. ते फिरले पाहिजेत, आणि त्यांत निपलमधून वेळोवेळी ग्रीस गेले पाहिजे. शॅकल अडकले तर पाट्यांवर केलेली सगळी मेहनत फुकट, कारण कमानीला लांब व्हायला जागाच उरत नाही. पुढच्या काळातल्या गाड्यांना रबरी बूश असतात. त्यांचा नियम वेगळा. त्यांचे नट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी केल्यावर. अधांतरी असताना आवळले तर गाडी खाली येताच रबराला पीळ पडतो आणि ते फाटते.

पाचवी पायरी यू-बोल्टची. ते नवेच घाला आणि सारखे आवळा. शे-दोनशे किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा आवळा. यू-बोल्ट सैल राहिले की सगळा जोर सेंटर बोल्टवर येतो, तो तुटतो आणि ॲक्सल जागचा सरकतो. रस्त्याने तिरकी चाललेली गाडी तुम्ही पाहिली असेल. तिचे मूळ बहुधा इथे असते.

सहावी पायरी शॉकॲब्झॉर्बरची. या नावाने लोकांचा फार गैरसमज होतो. दणका खातो तो पाटा. शॉकॲब्झॉर्बर खातो तो दणक्यानंतरचा झुलता हेलकावा. त्याच्या नळीत तेल असते. गाडी वरखाली होऊ लागली की ते तेल बारीक भोकांतून ढकलले जाते, आणि हेलकाव्याचा जोर उष्णता होऊन निघून जातो. म्हणून खराब रस्त्यावर आठ-दहा किलोमीटर गेल्यावर चारही शॉकॲब्झॉर्बरना जपून हात लावून पाहा. तीन कोमट आणि एक थंड असेल, तर तो थंड असलेला कामातून गेला आहे. तेल गळलेला दिसला तरी तेच. बदलायचे तर एका ॲक्सलचे दोन्ही बदला.

एक गोष्ट लक्षात घ्या. गंजलेले पाटे एकमेकांवर घासून हेलकावा थोडासा थांबवीत असतात. आपण पाटे साफ केले की ती घासण कमी होते आणि मेलेला शॉकॲब्झॉर्बर उघडा पडतो. मग मालक म्हणतात, "साफ केले नि गाडी झुलायला लागली!" गाडी बिघडलेली नसते, झाकलेला दोष दिसू लागलेला असतो. नवा शॉकॲब्झॉर्बर घेताना त्याची लांबीही मोजून घ्या. पाटा पूर्ण दबून रबरी अडसराला टेकतो तेव्हा शॉकॲब्झॉर्बर तळाला ठोकता कामा नये, आणि चाक पूर्ण लोंबते तेव्हा ताणून अडता कामा नये.

इथवरची कामे म्हणजे गाडी मूळ पदावर आणणे. मूळ पदापेक्षा चांगली करता येते का? येते.

एक सुधारणा मदतनीस पाट्याची. हा जाड, जवळजवळ सपाट पाटा मागच्या कमानीच्या तळाशी असतो. गाडी रिकामी असताना त्याची टोके वरच्या पाट्याला लागतच नाहीत. भार पडून कमान खाली आली की मगच ती टेकतात आणि तो कामाला लागतो. सकाळी दूध आणि रात्री आजारी माणूस वाहणाऱ्या गाडीला हीच रचना योग्य. जे काम मी तीन ताठ पाट्यांकडून करून घ्यायला गेलो, ते खरे याचे होते.

दुसरी सुधारणा पॅराबोलिक पाट्यांची. हे पाटे मध्ये जाड आणि टोकांकडे निमुळते होत गेलेले असतात. दोन-तीनच पाटे, आणि तेही फक्त मध्यावर व टोकांपाशी एकमेकांना लागतात. त्यामुळे घासण फार कमी असते आणि लहान दणकाही पाटा खातो. आपल्या गाडीच्या मापाचे आणि आपल्या भाराचे मिळत असतील तर खर्च करण्यासारखी वस्तू आहे. मात्र यांच्याबरोबर उत्तम शॉकॲब्झॉर्बर हवेच.

तिसरी गोष्ट मी सुधारणा म्हणून सांगत नाही, सावध राहा म्हणून सांगतो. हौशी तरुण लांब शॅकल घालून गाडी उंच करतात. दिसायला रुबाबदार दिसते. पण या जीपच्या दोन चाकांमधले अंतर साधारण चारच फूट आहे. तेवढ्या अरुंद पायावर गाडी उंच केली की वळणावर कलंडायची भीती वाढते. शिवाय पुढचे शॅकल कमानीच्या पुढच्या टोकाला असते. ते लांब केले की ॲक्सल किंचित पुढे झुकतो, चाकाच्या खिळीचा मागचा कल कमी होतो आणि स्टिअरिंग भटकू लागते. ब्रेकचे नळ ताणले जातात, प्रोपेलर शाफ्टचे सांधे तिरके चालतात. एवढे सगळे पुन्हा जुळवायची तयारी नसेल तर उंचीच्या नादी लागू नये.

आणि भाराविषयी. पाव टनी ट्रक म्हणजे सुमारे अडीचशे किलोची गाडी. चाळीस लिटरचे दुधाचे सहा भरलेले कॅन, कॅनचे वजन धरून, तीनशे किलोच्या घरात जातात. पाटा वाढवला म्हणून ब्रेक वाढत नाहीत, ॲक्सल वाढत नाही. गाडी बसते आहे ही गाडीची तक्रार आहे. तिचे तोंड दाबू नका, ती काय सांगते ते ऐका.

कायद्याचेही दोन शब्द. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीच्या कागदात लिहिलेले, कारखान्याने ठरवलेले तपशील बदलतील असे फेरफार करता येत नाहीत. झिजलेल्या भागाच्या जागी त्याच जातीचा भाग घालणे वेगळे आणि चॅसी कापून नवी रचना बसवणे वेगळे. २०२१ साली विंटेज गाड्यांचे नियम आले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली, मूळ रूपात जपलेली गाडी त्यांत बसते. चॅसी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार केलेली गाडी त्यांत बसत नाही. अशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वाहतुकीला वापरता येत नाही, हेही ध्यानात असू द्या. शंका असेल तर आधी परिवहन कार्यालयात विचारा आणि मग पाना हातात घ्या.

आता आमच्या जीपचे काय झाले ते सांगून पुरे करतो. जादा तीन पाटे काढले. उरलेले नऊ साफ केले, त्यांतला एक तडकलेला बदलला. तळाशी मदतनीस पाटा दिला, बूश घातले, मागचे दोन्ही शॉकॲब्झॉर्बर नवे बसवले. गाडी रिकामी असताना पाटा पूर्वी तीन सेंटिमीटर दबत होता, तो आता पाच दबू लागला. लंबकाच्या भाषेत मिनिटाला एकशे त्र्याहत्तर हेलकाव्यांचे एकशे चौतीस झाले. गाडी काही गादी झाली नाही. जीप ती जीपच. मालकांनी एक कॅन कमी केला. त्यांना ते सोपे गेले नाही, पण केला.

पुढे एकदा त्याच आजीबाई नातवाला लस टोचायला घेऊन निघाल्या. गाडीकडे थोडा वेळ बघत उभ्या राहिल्या, मग बसल्या. वाटभर बोलल्या नाहीत. पोर मांडीवर झोपून गेले होते. खाली उतरल्यावर ड्रायव्हरला म्हणाल्या, "आज लई सावकाश आनलीस, बाबा."

ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिले. आम्ही दोघांनीही घड्याळ पाहिले होते. गाडी रोजच्याच वेळात खाली आली होती.